लेन्स घेण्याआधी मोजलेली पावले

फुजीफिल्मचा एक्स-टी ३० हा कॅमेरा बॅटरी आणि कार्डासह ३८३ ग्रॅम भरतो. त्याच्यावर ५५-२०० ही ५८० ग्रॅमची झूम चढवली, तर सगळा तोल पुढे जातो आणि कॅमेरा दोन्ही हातांनी सांभाळावा लागतो. उलट ८४ ग्रॅमची २७ मिलिमीटरची चपटी लेन्स लावली, तर तोच कॅमेरा स्वेटरच्या खिशात मावतो. लहान कॅमेरा पुढे लहान राहणार की नाही हे लेन्सवर ठरते. म्हणून ही निवड मी सावकाश केली, आणि इंदूरच्या ज्या गल्ल्यांमध्ये व ज्या प्रकाशात मला छायाचित्रे काढायची होती, तिथे प्रत्यक्ष उभे राहून, मोजमाप घेऊन केली.

माझ्या गरजा मोजक्या होत्या. घरातली माणसे, रामबागेतला आमचा शेजार, संध्याकाळी राजवाड्याच्या चौकात आणि रात्री सराफ्यात दिसणारे शहर, आणि अधूनमधून घडणारे महेश्वर-मांडूसारखे प्रवास, एवढेच मला टिपायचे होते. कॅमेऱ्याबरोबर १५-४५ ही किट लेन्स आली होती. तिचे वजन १३५ ग्रॅम आहे, तिच्यात हाताचा कंप सावरणारी यंत्रणा आहे आणि दिवसाउजेडी तिची छायाचित्रे चांगली येतात. मात्र तिचे प्रकाश आत घेणारे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर १५ला एफ ३.५ असते आणि ४५ला एफ ५.६पर्यंत अरुंद होते. दिवेलागणीनंतर हा फरक जाणवू लागला आणि मी दुसऱ्या लेन्सचा विचार सुरू केला.

पहिले काम मी घरी बसून केले. प्रत्येक छायाचित्राबरोबर ते कोणत्या फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सच्या किती मिलिमीटरच्या आकड्याला (आकडा मोठा तितके दृश्य जवळचे), काढले याची नोंद फाइलमध्ये असते, आणि संगणकावर त्या नोंदीनुसार छायाचित्रे वेगळी करता येतात. तशी ती केली तेव्हा १५ आणि ४५ या दोन टोकांना सर्वांत मोठे ढीग पडले. झूम असलेल्या बहुतेकांच्या बाबतीत असेच घडत असावे, कारण जागा अपुरी पडली की आपण झूम पूर्ण आत घेतो आणि माणूस लांब असला की पूर्ण बाहेर काढतो. हे ढीग पाहून एक अतिरुंद आणि एक लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी असे कुणालाही वाटेल. म्हणून मी दुसरी वाटणी केली आणि केवळ तीच छायाचित्रे बाजूला काढली, जी मी छापून घेतली होती किंवा नातेवाइकांना आवर्जून पाठवली होती. त्यांत चित्र पालटले. टोकांची छायाचित्रे विरळ झाली आणि २१ ते २६च्या आसपास दाटी दिसली. लेन्स निवडताना काढलेल्या छायाचित्रांपेक्षा जपलेली छायाचित्रे मोजावीत, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे.

आमच्या गणेशोत्सव मंडळाची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढणारे एक काका आहेत. त्यांना मी ही आकडेमोड दाखवली. ती पाहून ते म्हणाले, "अगं, आकडे ठीक आहेत, पण तू उभी कुठे राहतेस ते मोजलंस का? लेन्स अंतरासाठी घ्यायची असते." त्यांनी जो हिशेब सांगितला, तो मला या सगळ्या प्रवासात सर्वाधिक उपयोगी पडला, म्हणून तो सविस्तर लिहिते.

माझ्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी जातीच्या सेन्सरची, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागाची, रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर असते. समोरच्या वस्तूपासून आपण जितके दूर उभे असतो, त्या अंतराला २३.५ने गुणून फोकल लेंग्थने भागले, की त्या अंतरावर चौकटीत मावणारी रुंदी मिळते. म्हणजे २३ची लेन्स लावली, तर चौकटीची रुंदी आणि आपले अंतर जवळजवळ सारखे असते. दोन मीटरवर उभे राहिलो, तर दोन मीटर रुंदीचे दृश्य मावते. ५०च्या लेन्समध्ये ती रुंदी अंतराच्या निम्म्याहून थोडी कमी असते, ३५मध्ये दोन तृतीयांश, २७मध्ये सातअष्टमांशाच्या आसपास आणि १५मध्ये दीडपटीहून थोडी जास्त. कॅमेरा उभा धरला, तर हाच हिशेब उंचीला लागू होतो. हे गुणोत्तर मनात असले, की दुकानात जाऊन डोळा लावून पाहण्याआधीच कोणती लेन्स कुठे अडणार हे कळते. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या मोठ्या सेन्सरच्या तुलनेत आपली लेन्स दीडपट मोजावी, हा नियम पुष्कळांना माहीत असतो, पण ज्याने कधी मोठा सेन्सर वापरला नाही, त्याला त्याचा उपयोग थोडाच. आपल्या पावलांचा उपयोग मात्र सर्वांना होतो.

त्यानंतर मी खरोखरच पावले मोजली. सराफा बाजारात दिवसा सोन्याचांदीची दुकाने चालतात आणि रात्री ती बंद झाली, की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात. गल्ली अरुंद आणि गर्दी दाट. गराडू हा कंद तळणाऱ्याच्या कढईपासून माणूस सहसा दीड मीटरवर उभा असतो. त्याहून मागे सरकायला जागा नसते आणि सरकले तरी मध्ये कुणीतरी येऊन उभे राहते. दीड मीटरवर २३ची लेन्स दीड मीटरची रुंदी देते. विक्रेता, त्याची कढई, वर अडकवलेला दिवा आणि द्रोण घ्यायला पुढे आलेला हात, हे सगळे तेवढ्यात मावते. ३५ची लेन्स तिथे एक मीटर देते, म्हणजे माणूस मिळतो पण त्याचे काम अर्धे कापले जाते. ५०ची लेन्स ७० सेंटिमीटर देते, म्हणजे चेहरा आणि खांदे. १५ची लेन्स जवळजवळ अडीच मीटर देते. त्यात शेजारचे दोन ठेले, लोंबणाऱ्या वायरी आणि खाणाऱ्यांच्या पाठी येतात आणि कढई कोपऱ्यात जाते. राजवाड्याच्या समोरच्या बागेजवळ, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी (होळकरांच्या दगडी स्मारकांपाशी), भाजी घेताना आणि स्वयंपाकघराच्या दारातही मी असेच मोजले. माणूस काम करत असताना मी त्याच्यापासून बहुतेक वेळा दीड ते दोन मीटरवर असते असे दिसले, आणि जपलेल्या छायाचित्रांची दाटी २३च्या आसपास का होती याचा उलगडा झाला.

हिशेब डोळ्यांना पटावा म्हणून पुढचे काही आठवडे मी किट लेन्सच एका आकड्यावर स्थिर ठेवून वापरली. तिच्या नळीवर आकडे नसतात, म्हणून पडद्यावर पाहून ती २३वर आणायची आणि घरी परतेपर्यंत हलवायची नाही. मग हेच २७वर केले, मग ३५वर. नवी लेन्स घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने हे करावे असे मी आग्रहाने सांगते, कारण यात एक रुपयाही खर्च होत नाही. २७वर मी चौकात निश्चिंत असे आणि गल्लीत गेले की अडखळत असे. ३५वर प्रत्येक छायाचित्र नेटके येई, पण जागा कोणती ते त्यातून कळत नसे. प्रवासाच्या छायाचित्रात जागा कळली पाहिजे, अशी माझी धारणा आहे. २३वर काही दिवसांनी मी कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच योग्य जागी उभी राहू लागले.

आता प्रकाशाविषयी. सराफ्यात ठेल्याच्या दिव्याखाली उजेड बरा असतो, पण गल्लीच्या आतल्या भागात एफ २, सेकंदाचा १२५वा भाग (शटर उघडे राहण्याचा वेळ) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० एवढे लागते. तीच जागा किट लेन्सने एफ ५.६वर टिपायची, तर अ‍ॅपर्चर तीन पायऱ्या अरुंद झाल्याने प्रकाश आठपट कमी मिळतो आणि आयएसओ १२८००वर न्यावा लागतो. चित्र निघते, पण तळणीच्या वाफेतले बारकावे आणि कातडीचा पोत दाण्यांखाली जातो. इथे किट लेन्समधली कंप सावरणारी यंत्रणा उपयोगी पडणार नाही का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. ती यंत्रणा आपल्या हाताचा कंप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या रात्री टिपायच्या असतील, तर तिच्या भरवशावर सेकंदाचा आठवा भागही हातात धरता येतो, कारण दगड हलत नाही. जिलबी पाडणारा हात मात्र सेकंदाला सहज एक मीटर फिरतो. सेकंदाच्या १२५व्या भागात तो आठ मिलिमीटर सरकतो, आणि दीड मीटरच्या चौकटीत एवढे सरकणे स्पष्ट दिसते. त्यात थोडी गती दिसावी असे वाटत असेल, तर हरकत नाही. पण दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारे विक्रेते सराफ्याची ओळख आहेत, आणि तो द्रोण हवेत स्थिर पकडायचा तर सेकंदाचा ५००वा भाग हवा, म्हणजे एफ २वरही आयएसओ ६४००. किट लेन्सला त्यासाठी ५१२०० लागेल. एक्स-टी ३०मध्ये कॅमेऱ्याच्या अंगात कंप सावरण्याची सोय नाही, आणि ज्या लहान प्राइम (एकाच फोकल लेंग्थच्या) लेन्सचा मी विचार करत होते, त्यांतही ती नव्हती. तरी माणसे टिपणाऱ्यासाठी मोठे अ‍ॅपर्चर अधिक मोलाचे, हा निर्णय मी इथेच घेतला.

अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झाँक्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. कापड गिरण्यांच्या कामगारांनी सुरू केलेली ही परंपरा गिरण्या बंद पडल्यावरही चालू आहे, आणि आता त्या देखाव्यांवर एलईडीच्या माळा असतात. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. सेकंदाचा ५००वा भाग वापरला, तर एका छायाचित्रात देखावा उजळ येतो आणि पुढच्यात काळवंडतो, आणि इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर चित्रावर आडवे पट्टे उमटतात. म्हणून यांत्रिक शटर आणि सेकंदाचा १००वा किंवा ५०वा भाग. मोठ्या अ‍ॅपर्चरमुळे या वेगावर आयएसओ माफक राहतो आणि देखाव्याचे रंग टिकतात.

इतके ठरल्यावर प्रत्यक्ष लेन्स पाहायला सुरुवात केली. २७ची चपटी लेन्स मला मनापासून आवडत होती, कारण ती लावलेला कॅमेरा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि गर्दीत एकटी फिरणारी बाई कॅमेरा बाहेर काढते तेव्हा ही गोष्ट महत्त्वाची ठरते. पण तिचे अ‍ॅपर्चर एफ २.८ आहे, आणि ३४ सेंटिमीटरपेक्षा जवळचे तिला स्पष्ट दिसत नाही. १८ एफ २ ही ११६ ग्रॅमची लेन्सही हाताळली. ती घरातल्या खोल्यांना फार सोयीची वाटली, पण दोन मीटरवरच्या माणसाभोवती ती बरीच मोकळी जागा सोडते. काकांनी स्वतःची ३५ एफ १.४ काही दिवस दिली. तिने टिपलेले चेहरे सुंदर येतात, पण गल्लीतली अडचण तिनेही सुटली नाही.

सिग्माच्या १८-५० एफ २.८चा मी सर्वांत अधिक विचार केला. २८५ ग्रॅममध्ये संपूर्ण पल्ला एफ २.८वर मिळतो आणि १८ला ती १२ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, ज्यामुळे महेश्वरी लुगड्याच्या किनारीची वीण किंवा पानावर वाढलेली पुरणपोळी भरभरून टिपता येते. ज्यांना प्रवासात लेन्स बदलायचीच नाही, त्यांनी ही घ्यावी असे मी निःशंकपणे सांगते. मी ती घेतली नाही, कारण रोजच्या वापराला मला याहून आकाराने आखूड लेन्स हवी होती आणि रात्रीच्या प्रकाशात एफ २ आणि एफ २.८ यांतली एक पायरी मला सोडायची नव्हती.

२३ एफ २ ही १८० ग्रॅमची लेन्स अखेर निवडली. तिचा एक स्वभाव मात्र आधीच जाणून घ्यावा. फार जवळच्या वस्तूवर एफ २ ठेवले, तर चित्र मऊसर येते. एफ ४ला ते खणखणीत होते. द्रोणातल्या पदार्थाचे छायाचित्र २५ सेंटिमीटरवरून काढताना एफ २वर पुढची कडा आणि मागची कडा दोन्ही धूसर होतात, त्यामुळे तिथे एफ ४ तसाही हवा असतो. दीड मीटरवर एफ २ला सुमारे १.३५ ते १.७ मीटरपर्यंतचा भाग स्पष्ट राहतो, म्हणजे कढई आणि माणूस दोन्ही. दिवसा एफ ८वर ठेवून फोकस साडेतीन मीटरच्या आसपास लावला, की पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. मग फोकस लागण्याची वाट पाहायला नको.

दुसरी लेन्स ५० एफ २. तिची गरज राजवाड्याने दाखवून दिली. या सात मजली इमारतीचे खालचे तीन मजले दगडी आहेत आणि वरचे लाकडी. समोरून २३ने संपूर्ण दर्शनी भाग घेता येतो, पण सज्जांवरचे कोरीवकाम, गडद लाकडावर तिरका पडणारा प्रकाश आणि खिडकीत बसलेली कबुतरे यांच्याजवळ पावलांनी जाता येत नाही. माणसांच्या बाबतीतही दोन मीटरवर ५०ची लेन्स जवळजवळ एक मीटर रुंदी देते. उभी धरली, की रुंदी ६० सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि समोरच्याला अवघडल्यासारखे न होता चेहरा चौकट भरून मिळतो. चेहऱ्याची ठेवण चित्रात कशी येईल हे लेन्सच्या आकड्यापेक्षा अंतरावर अवलंबून असते. ६० सेंटिमीटरवरून काढले की नाक पुढे येते आणि कान मागे जातात, मग लेन्स कोणतीही असो. ५०चा फायदा एवढाच, की ती आपल्याला दोन मीटरवर थांबू देते. माझ्या सासूबाई कॅमेरा जवळ आला की पदर सावरून ताठ बसतात. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ५० घेऊन बसले, तर त्या वाती वळत राहतात.

लांब पल्ल्याच्या झूमचा प्रश्न सिरपूर तलावावर सुटला. शहराच्या कडेचा हा तलाव २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला, आणि हिवाळ्यात तिथे बदके उतरतात. एका परिचितांची ५५-२०० घेऊन मी तिथे गेले. वरचाच हिशेब लावला, तर २०० मिलिमीटरला चौकटीची रुंदी अंतराच्या आठव्या भागाहून थोडी कमी असते. ३० मीटरवरचे अर्ध्या मीटरचे बदक साडेतीन मीटरच्या चौकटीत एका सप्तमांशाइतके दिसते. पक्ष्यांसाठी याहून लांब लेन्स, भल्या पहाटेचा वेळ आणि वेगळी चिकाटी हवी. तो एक स्वतंत्र छंद आहे, आणि प्रवासाच्या झोळीत त्याच्यासाठी जागा ठेवण्याचे कारण नाही. अतिरुंद १०-२४ही त्याच सुमारास हाताळली. ती घेऊन माणसांच्या जवळ गेले, की चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे ताणले जातात. ज्यांना मुख्यतः वास्तूंचे अंतर्भाग टिपायचे आहेत, त्यांच्यासाठी ती योग्य आहे.

दोन्ही लेन्स सेकंडहँड घेतल्या. नवी लेन्स घेताना बिल आणि वॉरंटी पाहिली की काम संपते, पण वापरलेली घेताना पुष्कळ तपासावे लागते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यामुळे सर्वांत आधी बुरशी पाहावी. अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च तिरकी धरून पुढून पाहिले, की काचांमधले कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. सरळ प्रकाशात ते दिसत नाहीत. धुळीचे चारदोन कण सोडून द्यावेत, धागा मात्र एकही खपवून घेऊ नये, कारण तो वाढतो. अ‍ॅपर्चरची पाती कोरडी आणि झटकन हलणारी हवीत. फिल्टरच्या आट्यांवर चेपल्याची खूण असेल, तर लेन्स पडलेली असण्याचा संभव धरावा आणि पुढची तपासणी आणखी कसून करावी. ती अशी, की विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर धरून एफ २वर छायाचित्र काढायचे आणि चारही कोपरे मोठे करून पाहायचे. कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ असणे स्वाभाविक आहे, पण डावी बाजू स्पष्ट आणि उजवी पुसट असेल, तर आतली एखादी काच कलली आहे. मला दाखवलेल्या ५०च्या एका लेन्समध्ये नेमके हेच आढळले. मी ती परत केली आणि दुसरी मिळेपर्यंत थांबले.

घेतलेल्या लेन्स मी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे लहानसे यंत्र घालून ठेवते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. ६०च्या वर तो राहू लागला, की बुरशीला अनुकूल हवा तयार होते. कातडी पिशवीत लेन्स वर्षभर ठेवू नये, कारण कातडे ओल धरून ठेवते. २३च्या लेन्सला ४३ मिलिमीटरचा फिल्टर लागतो आणि ५०ला ४६चा, म्हणून ४३वरून ४६वर नेणारी एक कडी घेतली आणि एकाच मापाच्या फिल्टरवर काम भागवले.

रंगपंचमीच्या गेरसाठी, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीसाठी, फिल्टर आणि वर प्लास्टिकचे आवरण या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. राजवाड्यासमोरून गेर जाते तेव्हा हवेत गुलालाचे ढग असतात आणि टँकरमधून रंगीत पाणी उडते. या दोन्ही लेन्सना पाणी-धूळ रोखणारी जोडणी आहे, पण एक्स-टी ३०च्या अंगाला ती नाही, आणि कॅमेरा उघडा असेल तर लेन्सच्या एकटीच्या बंदोबस्ताने संरक्षण पुरे होत नाही. म्हणून गेरला निघताना २३ घरीच बसवायची आणि परत येऊन सर्व बाहेरून पुसून होईपर्यंत काढायची नाही, हा नियम मी काटेकोर पाळते.

लेन्सची खरी परीक्षा प्रवासात झाली. महेश्वरला नर्मदेच्या उत्तर तीरावर अहिल्याबाईंचा किल्ला आणि घाट दक्षिणेकडे तोंड करून उभे आहेत, त्यामुळे हिवाळ्यात त्या दगडांवर दिवसाचा बराच वेळ ऊन असते. घाटावर उभे राहून संपूर्ण किल्ला मावत नाही आणि मागे नदी असते, पण नाव घेतली की अंतर आपल्या हाती येते. नावाड्याला दादा, अजून थोडं मागे घ्या, असे सांगत २३मध्ये घाट हवा तसा बसवता येतो. नदीच्या पात्रातले बाणेश्वराचे देऊळ ५०ने टिपले. विणकरांच्या खोलीत मागाच्या एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला भिंत असते. तिथे दोन मीटर मिळणेही कठीण, आणि खिडकीच्या त्या एकाच उजेडात धोटा फिरवणारा हात टिपताना एफ २ने जे दिले, ते किट लेन्सकडून मिळाले नसते.

मांडूत हिंदोळा महालापुढे मी बराच वेळ घालवला. पंधराव्या शतकातल्या या वास्तूच्या जाडजूड भिंती मुळातच आत कललेल्या बांधल्या आहेत. उंच इमारत मावावी म्हणून आपण कॅमेरा वर उचलतो, तेव्हा सरळ भिंतीही चित्रात आत कललेल्या दिसतात. हिंदोळा महालाच्या बाबतीत असे केले, तर बांधणाऱ्याने दिलेला कल कोणता आणि कॅमेऱ्याने आणलेला कोणता हे पाहणाऱ्याला कळणारच नाही. म्हणून तिथे कॅमेरा क्षितिजाला समांतर धरणे भाग आहे. समांतर धरलेल्या उभ्या चौकटीचा निम्मा भाग डोळ्याच्या पातळीखाली, जमिनीवर जातो, त्यामुळे २३ने वास्तूचा माथा मिळवायला उंचीच्या जवळजवळ दुप्पट मागे जावे लागते. मांडूत सुदैवाने तेवढे मोकळे मैदान आहे. मी मागे गेले, खालच्या निम्म्या भागात गवत आणि पायवाट आली, आणि कलत्या भिंतींशेजारी सरळ उभी माणसे आल्यामुळे भिंतींचा कल चित्रात खरा दिसला. १०-२४ जवळ असती, तर मी जवळूनच समाधान मानले असते.

जहाज महालाची लांबी दोन तलावांच्या मध्ये पसरली आहे, आणि तिथेही २३ पुरली. उणीव जाणवली ती रूपमती मंडपात. हवा स्वच्छ असेल तेव्हा तिथून खाली निमाडच्या सपाटीपलीकडे नर्मदेची रुपेरी रेघ दिसते. ५०ने ती फार बारीक येते. त्या एका रेघेसाठी ५८० ग्रॅम दिवसभर खांद्यावर वाहावेत असे मला वाटत नाही. ज्यांना वाटेल, त्यांनी ती झूम अवश्य न्यावी.

आता रोज २३ कॅमेऱ्यावर असते आणि ५० प्रवासात किंवा कुणाला भेटायला जाताना बरोबर येते. दोन्ही मिळून कॅमेऱ्यासह वजन पाऊण किलोच्या आसपास होते. किट लेन्स विकलेली नाही. गौरी-गणपतीला आमच्या दिवाणखान्यात सगळे नातेवाईक जमतात तेव्हा समोरच्या भिंतीला पाठ लावूनही तीन मीटरच अंतर मिळते. २३ तिथे तीन मीटर रुंदी देते आणि कडेचे काका-काकू सुटतात. १५ची रुंदी पावणेपाच मीटरच्या जवळ जाते. मधल्यांना बसवायचे, मुलांना पुढे घ्यायचे, कडेच्यांना किंचित आत सरकायला सांगायचे म्हणजे चेहरे ताणले जात नाहीत, आणि सगळे स्थिर असल्याने सेकंदाचा ६०वा भाग एफ ३.५वर पुरतो.